शेतावरची सुट्टी : खिशाला झेपेल अशी, मानाने होईल अशी



दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. साखरखेर्ड्याच्या आमच्या वस्तीत रविवारी विहारातली वंदना आटोपली आणि आम्ही चार-पाच घरची माणसे तिथेच बोलत बसलो. पोरांच्या शाळा बंद होत्या. सकाळी उठल्यापासून त्यांच्या हातात मोबाईल, रात्री उशिरापर्यंत जागरण, जेवणाकडे लक्ष नाही. कुणीतरी म्हणाले, हुरड्याच्या दिवसांत सगळे मिळून एखाद्या शेतावर जाऊ. आजकाल रस्त्याकडेला कृषी पर्यटनाच्या पाट्या दिसतात, माणशी पैसे घेऊन दिवसभर राहू देतात, जेवण देतात.

बाजूला बसलेली आजी हसली. म्हणाली, "जलमभर दुसऱ्याच्या वावरात निंदलं, कापूस येचला, सोयाबीन सोंगलं. आता पैशे देऊन वावरातच जायाचं का रे बाप्पा?"

सगळे हसले. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शहरातल्या सुखवस्तू माणसाला शेत म्हणजे मोकळी हवा वाटते. आपल्या घरातल्या निम्म्या माणसांना शेत म्हणजे मजुरी आठवते. म्हणून शेतावरच्या सुट्टीचा विचार आपल्याला आपल्या पद्धतीने करावा लागेल. तब्येतीला काय मिळते, खर्च किती येतो आणि मान राहतो का, या तिन्ही गोष्टी पाहून ठिकाण कसे निवडावे, ते या वेळच्या आरोग्य पानावर सांगतो.

राबणे वेगळे, हिंडणे वेगळे

आधी आजीच्या प्रश्नाचे उत्तर. शेतमजुरीत शरीर हलते, मग तोच व्यायाम नाही का? नाही. निंदणीला आठ-आठ तास कंबरेत वाकून बसावे लागते. वेग मुकादम ठरवतो, विसावा कधी घ्यायचा हेही तोच ठरवतो. उन्हात पाणी कमी पिऊन, तेच ते काम महिनोन्‌महिने केले की कंबर, गुडघे आणि खांदे झिजतात. व्यायामात माणूस आपल्या मर्जीने हलतो, दमला की थांबतो, हातापायांची वेगवेगळी हालचाल करतो आणि रात्री पोटभर झोपतो. शरीराला कष्ट दोन्हींत पडतात, पण परिणाम सारखा होत नाही.

म्हणून एकाच घरातल्या माणसांची सुट्टीची गरज वेगवेगळी असते. जी बाई सहा दिवस मजुरीला जाते, तिच्या सुट्टीचा अर्थ विश्रांती. तिला शेतावर नेऊन पुन्हा भाकऱ्या थापायला बसवले तर ती सुट्टी झालीच नाही. जो दुकानात, शिलाई मशीनवर किंवा ऑफिसात दिवसभर बसून असतो, त्याच्या सुट्टीत चालणे हवे. मुलांना तर धावणेच हवे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे. वस्तीतल्या अरुंद गल्लीत, मोटारसायकली चुकवत मुलांनी ६० मिनिटे कुठे धावायचे? एक दिवस मोकळ्या शिवारात गेला तर वर्षाची भरपाई होत नाही, पण मुलांच्या पायांना धावण्याची चटक लागते. ती चटक पुढे घरी टिकवता येते.

कृषी पर्यटन म्हणजे काय

अमेरिकेच्या पश्चिम भागात गुराढोरांची मोठमोठी कुरणे असतात. त्यांना तिकडे रँच म्हणतात. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे शहरातली कुटुंबे पैसे मोजून सुट्टीला जातात, घोड्यावर बसतात, गुरांमागे हिंडतात. इटलीने तर १९८५ मध्येच शेतावरच्या पाहुणचारासाठी वेगळा कायदा केला. शेतकऱ्याला पिकाशिवाय चार पैसे मिळावेत हा हेतू.

आपल्याकडे नेरळचे सगुणा बाग हे या प्रकारातले जुने नाव. त्यानंतर बारामती भागात पांडुरंग तावरे यांनी ही कल्पना शेतकऱ्यांमध्ये रुजवली. २०२० साली महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटन धोरण आणले. केंद्राची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे होते आणि नोंदणी झालेल्या केंद्राला प्रमाणपत्र मिळते. ठिकाण ठरवताना "तुमची नोंदणी आहे का?" हा प्रश्न विचारायला लाजू नये. नोंदणी नसलेले प्रत्येक ठिकाण वाईट असते असे नाही, पण नोंदणी असली की तक्रार कुठे करायची ते माहीत असते.

आपल्यासाठी चार वाटा

पहिली वाट सगळ्यांत स्वस्त. आपल्याच नात्यागोत्यातल्या, ओळखीतल्या माणसाचे शेत. मामाचे दोन एकर असेल, मावसभावाचे असेल. तिथे मोकळेपणा असतो, आडनाव कुणी विचारत नाही. पण फुकट मिळते म्हणून सारा भार त्या घरातल्या बाईवर टाकू नका. शिधा आपण न्यायचा, चूल पुरुषांनी पेटवायची, भांडी सगळ्यांनी घासायची.

दुसरी वाट हुरड्याची एक दिवसाची सहल. सकाळी जायचे, दुपारी जेवायचे, संध्याकाळी परत. मुक्कामाचा खर्च नाही. ज्वारी पोटऱ्यातून निघून दाणा दुधाळ-मऊ असतो, तेवढेच दिवस हुरडा मिळतो. आपल्या भागात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही हीच वाट सुचवतो.

तिसरी वाट कृषी पर्यटन केंद्रावर एक रात्र मुक्काम. मुलांना चांदण्या, पहाटेची धार काढणे, मोटेची किंवा ठिबकची गंमत पाहायला मिळते. पण खर्च दुपटीहून जास्त होतो. आधी एक दिवस जाऊन पाहावे, पटले तर पुढच्या वर्षी मुक्काम करावा.

चौथी वाट कमी लोकांना ठाऊक असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरी भरते. विद्यापीठाच्या शेतात उभी पिके, नवी वाणे, अवजारे पाहत हिंडता येते, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येतात. चालणेही होते आणि दहावी-बारावीच्या मुलांना शेतीशिक्षणाची ओळखही होते. तारखा वर्तमानपत्रात येतात, त्यावर लक्ष ठेवा.

दिवस मोठा मिळाला तर शेताला जोडून एखादे ठिकाण पाहता येते. आपल्या तालुक्यात सिंदखेड राजा आहे, जिजाऊंचे जन्मस्थान. पलीकडे लोणारचे सरोवर आहे, उल्का आदळून झालेले. काठावरून खाली उतरून परत चढायचे म्हणजे तरण्या पोरांचाही घाम निघतो. सरोवराचे पाणी खारे आणि क्षारयुक्त आहे, ते तोंडात घालू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच पाहावे.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या भागातला उत्तम काळ. मुलांना दिवाळीची सुट्टी असते, पुढे रविवार आहेत, २६ जानेवारीच्या आसपासचे दिवस आहेत. शनिवार-रविवारी दर चढे असतात. मजुरीचा खाडा परवडत असेल तर मधल्या वारी जा, दर कमी पडतो आणि गर्दीही नसते.

एप्रिल-मे मध्ये विदर्भातले ऊन चाळिशी ओलांडते. त्या दिवसांत "उन्हाळी ऑफर" म्हणून स्वस्तात मिळाले तरी लहान मुले आणि म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात हिरवळ असते, पण साप-विंचू, चिखल आणि फवारणी हेही याच दिवसांत. कपाशीवर जुलै ते ऑक्टोबर फवारणी जोरात असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यांत आपल्यासारखीच रोजंदारीची माणसे होती.

पैशाचा हिशेब

माणशी दर ऐकून लगेच हो किंवा नाही म्हणू नका. पूर्ण कुटुंबाचा, घरापासून घरापर्यंतचा खर्च कागदावर मांडा. एक नमुना पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या ठिकाणचे तुम्ही घाला.

समजा घरात पाच माणसे : आई, वडील, ७६ वर्षांची आजी, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा. केंद्राचा एक दिवसाचा दर माणशी ५०० रुपये, १२ वर्षांखालच्या मुलाला अर्धा. म्हणजे ४ माणसांचे २,००० आणि मुलाचे २५०. झाले २,२५०.

आता प्रवास. समजा एसटीचे पूर्ण तिकीट एका बाजूने १०० रुपये आहे. वडिलांचे १००. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, म्हणून आईचे ५० आणि मुलीचे ५०. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धे, म्हणून ५०. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास, म्हणून आजीचे शून्य. एका बाजूने २५०, जाऊन-येऊन ५००. आजीचे आधार कार्ड सोबत हवे. खाऊ-पाण्याला २०० धरले तर एकूण २,९५० रुपये.

हाच मुक्काम केला आणि दर माणशी १,५०० असला, तर नुसते केंद्राचेच ६,७५० होतात. नातलगाच्या शेतावर गेलो, तर प्रवासाचे ५०० आणि शिध्याचे ६००-७००. तीन वाटांचा फरक असा समोर येतो.

पैसे कसे जमवायचे? आठवड्याला ६० रुपये डब्यात टाकले तर ५० आठवड्यांत ३,००० होतात. बचत गटातल्या बायांनी सहलीसाठी वेगळी छोटी भिशी लावली तरी चालेल. मात्र सहलीसाठी फायनान्सचे कर्ज घेऊ नका. एक दिवसाच्या आनंदासाठी वर्षभर हप्ता फेडायचा आणि दर आठवड्याला वसुलीवाल्याच्या तोंडाकडे पाहायचे, त्यात कुणाची तब्येत सुधारत नाही.

दोन गोष्टींनी खर्च कमी होतो. एक, गटाने जा. वीस-पंचवीस माणसे असली की दरात घासाघीस करता येते. एसटीची अख्खी गाडीही प्रासंगिक करारावर मिळते. तिचा हिशेब वेगळा असतो, तो मेहकर किंवा चिखलीच्या आगारात आधी विचारा. दुसरे, दरात काय-काय आले ते वदवून घ्या. आमच्या एका सहलीत हुरडा दरात होता, पण बैलगाडीचे वेगळे, मुलांच्या झोक्याचे वेगळे आणि पाण्याच्या बाटलीचेही वेगळे पैसे निघाले. मुले गाडीपाशी उभी, आणि आम्ही खिसे चाचपतोय. तो दोष त्यांचा जेवढा तेवढाच आमचाही, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

फोनवर विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून फोनजवळ ठेवा.

१. माणशी दरात नाश्ता, जेवण, चहा, बैलगाडी, खेळ यांपैकी काय धरले आहे? वेगळे पैसे कशाचे?

२. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत किती? रद्द केले तर आगाऊ रक्कम परत मिळते का?

३. पिण्याचे पाणी कुठले? गाळलेले, उकळलेले की थेट बोअरचे?

४. शौचालये किती? बायांसाठी वेगळी आहेत का, आतून कडी लागते का, पाणी असते का? मासिक पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड टाकायची सोय आहे का?

५. शेततळे किंवा विहीर आहे का? तिला कुंपण किंवा कठडा आहे का?

६. गेल्या आठ-दहा दिवसांत फवारणी झाली आहे का? आम्ही येऊ त्याच्या आधी होणार आहे का?

७. जवळचे सरकारी रुग्णालय कोणते? फोनला रेंज येते का?

८. एसटीचा थांबा किती लांब? परतीची शेवटची गाडी किती वाजता?

९. तिथे दारू पिणाऱ्यांचे गट येतात का? पंचशील पाळणाऱ्या आपल्या घरांना, आणि मुलाबाळांसह जाणाऱ्या कुठल्याही घराला, हा प्रश्न महत्त्वाचा. "फॅमिली वेगळी बसते" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

जो मालक या प्रश्नांना नीट, न चिडता उत्तर देतो, त्याच्याकडे अर्धे काम झाले समजा. जो "या हो, सगळे आहे" एवढेच म्हणतो, तिथे एकाने आधी जाऊन पाहून यावे.

मानाचा प्रश्न

आता त्या गोष्टीबद्दल, जी इतरांच्या मासिकात लिहिलेली नसते. आमच्यातल्या एकाने मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी फोन केला. तारीख ठरली, माणसे ठरली. मग पलीकडून विचारणा झाली, "आडनाव काय?" आडनाव सांगितले. "मग गाव कोणते, वस्ती कोणती?" तेही सांगितले. तासाभराने निरोप आला की त्या दिवशी जागा नाही. दुसऱ्याच नंबरवरून विचारले तर जागा होती.

सुट्टीचा प्रवास आणि अपमान यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास सांगितले आहेत. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत ते, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. नवे कपडे घालून मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो चालत येणार, या अटीवर. त्या रात्री मुलांजवळ अन्न होते, पण पाणी मिळाले नाही, म्हणून ती उपाशीच राहिली. दुसरा प्रवास १९३४ चा. चळवळीतल्या सुमारे तीस जणांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर काहींनी तोंड-पाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून गलका झाला. पुढे किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. सहलीला निघालेली माणसे होती ती.

आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी सुनावले, तेही यासाठीच. खेड्याचे सौंदर्य कुणाला दिसते आणि कुणाला त्याचा चटका बसतो, हे त्यांनी भोगलेले होते.

आज आपल्या हातात कायदा आहे. संविधानाचे १५(२) कलम सांगते की दुकाने, हॉटेले, सार्वजनिक उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे इथे जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे, ती मोबाईलमध्ये साठवून ठेवा. असा प्रसंग आला तर वेळ, नंबर, बोललेले शब्द लगेच लिहून ठेवा आणि सोबतच्या माणसांना साक्षीला घ्या.

पण सुट्टीच्या दिवशी लढाई करायला कुणी निघत नाही. म्हणून ठिकाण निवडतानाच आपल्या माणसांना विचारा : तुम्ही गेला होता का? पंगत सगळ्यांची एकत्र होती का? पाणी एकाच माठातले होते का? आजीला बसायला खुर्ची दिली का? असे अनुभव विहारात एका वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या कुटुंबाला वाट सापडते. चांगले वागणारे शेतकरीही पुष्कळ आहेत. त्यांचीही नावे त्या वहीत आली पाहिजेत. मान मिळतो तिथेच पैसे खर्च करायचे, एवढे आपण ठरवले तरी पुष्कळ आहे.

मानाची गोष्ट आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारेल. अपमान गिळून आलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, रक्तदाब चढतो, आणि पाहिलेले मूल पुढच्या वेळी घराबाहेर पडायला कचरते. यापेक्षा आरोग्याचा आणखी कोणता प्रश्न असतो?

आरोग्याची पिशवी आणि जपायच्या गोष्टी

पाणी : घरून उकळलेले पाणी न्या, माणशी दोन लिटर तरी. जुलाब झाले तर ओआरएसचे पाकीट हवे. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दूध : शेतावर "धारोष्ण दूध प्या, ताकद येते" असा आग्रह होतो. कच्च्या दुधातून गुरांचे आजार माणसाला होतात, ब्रुसेलोसिस त्यांतला एक. दूध उकळूनच प्या. गुरांना, शेळ्यांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवून घ्या.

शेततळे : हा सगळ्यांत मोठा धोका. तळाला आणि कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. आमच्या सहलीत एक मुलगा चेंडूमागे धावत थेट कडेपर्यंत गेला होता. तेव्हापासून आमचा नियम आहे : पोहोचल्याबरोबर तळे आणि विहीर कुठे आहे ते पाहायचे, आणि दिवसभर एक मोठा माणूस पाळीपाळीने फक्त मुलांवर नजर ठेवणार. त्याच्या हातात मोबाईल नसेल.

फवारणी : उभ्या पिकातली भाजी, टोमॅटो, शेंगा थेट तोडून तोंडात घालू नका. मालक सांगेल त्याच बांधावरच्या, धुऊन. औषधांच्या रिकाम्या डब्यांशी मुलांना खेळू देऊ नका.

साप-विंचू : गवतात बूट घालून चाला, बांधावरच्या दगडाखाली हात घालू नका. मुक्काम असेल तर जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते आणि दंश कळतही नाही. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाच्या दारात घालवलेला अर्धा तास जीव घेतो.

कुत्रे : चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

सिकलसेल : विदर्भात आपल्या समाजात हा आजार आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, सहल असो वा नसो. ज्याला आजार आहे त्याला शेतावर नेता येते, पण जपून. थोड्या-थोड्या वेळाने पाणी पाजा, उन्हात धावायला लावू नका, थंड पाण्यात डुंबू देऊ नका, पहाटेच्या थंडीत अंगभर कपडे घाला, दम लागला की बसवा. गोळ्या आणि कार्ड सोबत ठेवा. अंग किंवा सांधे जोरात दुखू लागले, ताप आला, श्वास लागला, तर घरी जाऊन पाहू म्हणू नका, लगेच दवाखाना.

इतर : साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर. हुरडा चविष्ट लागतो म्हणून पोट फुगेपर्यंत खाऊ नये. मधुमेह असलेल्यांनी मूठ-दोन मुठींवर थांबावे, गूळ टाळावा. दमा असणाऱ्याने आगटीच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला बसावे. गरोदर बाईला बैलगाडीत बसवू नये, धक्के लागतात.

दिवस असा घालवा

सकाळी लवकर निघा, ऊन चढण्याआधी बांधाबांधाने तासभर चाला. कोणते पीक कोणते, ते मुलांना ओळखायला लावा. मग हुरडा. मग विटी-दांडू, लगोरी, सूरपारंब्या. मोठ्यांनीही खेळावे, नुसते फोटो काढत बसू नये. दुपारी बारा ते तीन झाडाच्या सावलीत जेवण आणि विश्रांती. तीननंतर पुन्हा हिंडणे. मोबाईल पिशवीत, एकाचा सोडून. बायांनी त्या दिवशी काही करायचे नाही, हा नियम सकाळीच सगळ्यांसमोर सांगा.

परत आल्यावर त्याच आठवड्यात संध्याकाळी विहारासमोरच्या जागेत मुलांचा तासभर खेळ सुरू करा. त्याला एक पैसा लागत नाही. सहलीचे खरे फळ ते.

आणि आजी?

आजी आली. आधी नाही-नाही म्हणत होती. हुरड्याच्या शेतात पोहोचल्यावर तिने पायातली चप्पल काढली, एक कणीस हातात घेतले, दाणा नखाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "हे आणखी दोन दिसांनी पाहिजे होतं." शेताचा मालक शेजारीच उभा होता. त्याने मान्य केले. मग मुलांना घेऊन ती बांधावर बसली आणि ज्वारी कशी पेरतात, निंदणीत कुठले गवत कसे ओळखायचे, एका दिवसात किती ओळी काढायची ते सांगत राहिली. जे ज्ञान तिच्याकडून आयुष्यभर मजुरीच्या भावात घेतले गेले, ते त्या दिवशी नातवंडांनी तोंडात बोट घालून ऐकले. दुपारी ती झाडाखाली झोपली. शेतात दिवसाउजेडी झोपण्याची तिची ती पहिलीच वेळ, असे तीच म्हणाली.

परतताना एसटीत तिने विचारले, "आपल्यापैकी कोणाचं असं वावर काहून नाही?" दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात जाऊन तिच्या अटी वाचा, पात्र असाल तर अर्ज करा. ज्यांच्याकडे आधीच दोन-चार एकर आहे, त्यांनी हुरड्याच्या दिवसांत आपल्याच माणसांसाठी दोन रविवार शेत मोकळे ठेवून पाहावे. पंगत एक, माठ एक, आडनाव विचारणार नाही. अशा शेतावर जायला आजी पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसेल.

जयभीम.